बंगळुरूच्या तळ्याकाठची पिवळी टाचणी काय सांगते?

बंगळुरू शहरातील एखाद्या तलावाच्या काठी, पाण्यालगतच्या गवतात सकाळच्या उन्हात काही काळ उभे राहिल्यास लिंबासारख्या पिवळ्या रंगाची एक बारीक काडी जमिनीपासून वीतभर उंचीवर संथपणे सरकताना दिसते. ही काडी म्हणजे टाचणी या नावाने ओळखला जाणारा कीटक होय. या प्रजातीचे शास्त्रीय नाव सेरिॲग्रिऑन कोरोमंडेलियानम असे आहे. कर्नाटकाच्या या राजधानीत तलावांच्या पुनरुज्जीवनाची कामे गेली अनेक वर्षे सुरू असून, एखाद्या तलावाचे काम सफल झाले की नाही हे सांगताना अशा कीटकांची साक्ष काढण्याची प्रथा पडली आहे. तलावावर टाचण्या परतल्या, अर्थात पाणी शुद्ध झाले, असे विधान नेहमी ऐकू येते. या पिवळ्या टाचणीच्या बाबतीत मात्र ते विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

चतुर आणि टाचणी यांतील भेद

मराठी भाषेत चतुर आणि टाचणी असे दोन वेगळे शब्द रूढ आहेत, ही अभ्यासकांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. दोघेही ओडोनाटा या एकाच गणातील कीटक. परंतु त्यांची शरीररचना भिन्न आहे. चतुर आडदांड असतो, त्याचे मागील पंख पुढील पंखांपेक्षा बुंध्याशी रुंद असतात आणि विसावताना तो चारही पंख विमानासारखे पसरून बसतो. टाचणी नाजूक असते. तिचे चारही पंख जवळजवळ सारख्या आकाराचे आणि मुळाशी देठासारखे निमुळते असतात. बसताना ती बहुधा ते मिटून पाठीवर घेते. चतुराचे टपोरे डोळे बहुतेक प्रजातींत डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, तर टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून दूर असतात. ग्रामीण भागातील मुले चतुराच्या शेपटीला दोरा बांधून खेळत. टाचणीच्या वाट्याला हे दुर्दैव सहसा आले नाही, कारण दोरा बांधण्याइतकी जाडीच तिच्या अंगी नाही.

या गणातील ६,००० हून अधिक प्रजाती जगभरात ज्ञात असून त्यांपैकी सुमारे ५०० भारतात आढळतात. त्यांच्या दूरच्या पूर्वजांचे जीवाश्म सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळाले आहेत. त्या काळातील मेगान्यूरा या कीटकाच्या पंखांचा विस्तार ६५ सेंटीमीटरच्या आसपास होता. आजच्या टाचण्या त्या मानाने क्षुल्लक वाटतील. तथापि पाण्यात जन्म, हवेत प्रौढत्व आणि आयुष्यभर मांसाहार हा जीवनक्रम या गणाने आजतागायत टिकवून ठेवला आहे.

नावाचा इतिहास

पिवळ्या टाचणीला नाव देण्याचे श्रेय डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फाब्रिसियस यांच्याकडे जाते. लिनिअस यांचे शिष्य असलेल्या फाब्रिसियस यांनी १७९८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून, म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावरून, तिला नाव दिले. प्रत्यक्षात ही प्रजाती त्या किनाऱ्यापुरती मर्यादित नाही. भारतीय उपखंडाच्या सखल भागात ती जवळपास सर्वत्र आढळते. महाराष्ट्रातील शेततळी, भातखाचरे आणि गावतळीही तिला अपरिचित नाहीत.

भारतातील चतुर-टाचण्यांचा पाया घालणारे काम एका डॉक्टरच्या हातून झाले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर यांनी लिहिलेले तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ या वर्षी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत प्रकाशित झाले. आजही नव्या प्रजातीचा दावा करणाऱ्यास प्रथम फ्रेझर यांचे खंड उघडावे लागतात. सर्वसामान्य निरीक्षकाला मात्र हे ग्रंथ झेपणारे नव्हते. ती उणीव बंगळुरूमध्येच भरून निघाली. के. ए. सुब्रमणियन यांनी तयार केलेली द्वीपकल्पीय भारतातील चतुर व टाचण्यांची सचित्र मार्गदर्शिका २००५ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेचे पर्यावरणशास्त्र केंद्र आणि इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस यांच्या ‘प्रोजेक्ट लाइफस्केप’ उपक्रमातून उपलब्ध झाली. पुण्यात जन्मलेले ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९८३ मध्ये उभे केलेले केंद्र ते हेच.

ओळखण्यास ही टाचणी सोपी आहे. नराची छाती शेवाळी हिरव्या छटेची आणि लांब पोट एकसारखे पिवळेधमक असते. त्यावर काळा पट्टा अथवा ठिपका नसतो, हीच तिची मुख्य खूण. पोटाची लांबी जवळजवळ ३ सेंटीमीटर भरते. मादी तपकिरीकडे झुकणाऱ्या फिकट रंगाची असल्याने गवतात चटकन नजरेस पडत नाही. पिवळ्या पोटाची आणखी एक टाचणी, इश्नुरा रुबिलिओ, बंगळुरूच्या परिसरात दिसते. परंतु ती आकाराने बरीच लहान असून तिच्या शेपटीच्या टोकाशी निळा रंग असतो.

पाण्याखालचे बालपण

हवेत उडणारी टाचणी आपल्याला दिसते, पण हा कीटक आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली घालवतो. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला कीटकशास्त्रात निम्फ असे म्हणतात. फुलपाखराप्रमाणे येथे कोषाची अवस्था नसते. पिल्लू पाण्यात राहूनच वारंवार कात टाकते आणि प्रत्येक वेळी थोडे मोठे होते. त्याच्या शेपटीच्या टोकाशी पानासारखे तीन चपटे कल्ले असतात. श्वसनासाठी त्यांची मदत होते आणि पोहताना ते वल्ह्यासारखे उपयोगी पडतात. चतुराच्या पिल्लाला असे बाहेरचे कल्ले नसतात. त्यामुळे पाण्याचा नमुना काढून पांढऱ्या ताटलीत ओतला, तर चतुराचे पिल्लू कोणते आणि टाचणीचे कोणते, हे शालेय विद्यार्थीही सांगू शकतो.

या पिल्लाचे शिकारीचे हत्यार विलक्षण आहे. त्याचा खालचा ओठ लांब, बिजागरीसारखा दुमडलेला आणि टोकाशी चिमटा असलेला असतो. एरवी तो हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला असतो. डासाची अळी किंवा पाणपिसू टप्प्यात येताच तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुढे फेकला जातो आणि भक्ष्य तोंडापाशी ओढून आणतो. पिल्लू पाठलाग फारसा करत नाही. पाणवनस्पतीच्या देठाला चिकटून ते वाट पाहते. याच कारणामुळे देठ, मुळे, कुजकी पाने यांनी भरलेला उथळ काठ त्याला लागतो. स्वच्छ पण उघड्यावाघड्या पाण्यात लपण्यास जागा नसते आणि मासे त्याला सहज टिपतात.

वाढ पूर्ण झाली की पिल्लू एखाद्या उभ्या देठावर चढून पाण्याबाहेर येते. पाठीवरची त्वचा उकलते आणि तिच्यातून मऊ, फिकट, चुरगळलेल्या पंखांची टाचणी बाहेर निघते. पंख सुकून ताठ होईपर्यंतचा काळ तिच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा असतो. कोळी, मुंग्या आणि पक्षी याच घडीची वाट पाहत असतात. मागे राहिलेली रिकामी कात देठाला तशीच चिकटून राहते. तिचे महत्त्व पुढे येणारच आहे.

हृदयाकार जोडी

टाचण्यांच्या मीलनाची पद्धत कीटकसृष्टीत एकमेवाद्वितीय म्हणावी अशी आहे. नराची बीजग्रंथी पोटाच्या टोकाकडे असते, परंतु मीलनाचे इंद्रिय मात्र पोटाच्या दुसऱ्या खंडाखाली, छातीजवळ असते. त्यामुळे नराला प्रथम स्वतःचे पोट वळवून बीज पुढच्या कप्प्यात आणून ठेवावे लागते. नंतर तो शेपटीच्या टोकावरील चिमट्यांनी मादीची मान पकडतो. मादी आपले पोट खालून पुढे वळवून त्या कप्प्याला भिडवते आणि दोघांच्या शरीरांची मिळून हृदयाच्या आकाराची आकृती तयार होते. छायाचित्रकारांना ही आकृती फार प्रिय आहे.

आकृती हृदयाची असली तरी व्यवहार तितका हळवा नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ जोनाथन वागे यांनी १९७९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ही बाब उघड केली. कॅलॉप्टेरिक्स मॅक्युलाटा या टाचणीचा नर स्वतःचे बीज देण्यापूर्वी मादीच्या शरीरात आधीच्या नराचे साठलेले बीज बाहेर काढून टाकतो, असे त्यांनी दाखवून दिले. नराच्या इंद्रियावरील काटेरी रचनेचे प्रयोजन त्यामुळे प्रथमच स्पष्ट झाले. प्राण्यांमध्ये नरांची स्पर्धा मीलनानंतरही सुरू राहते, या विचाराला या निरीक्षणाने मोठे बळ मिळाले.

हेच भय पिवळ्या टाचणीच्या नरालाही असणार, असे त्याच्या वर्तनावरून दिसते. मीलन संपले तरी तो मादीची मान सोडत नाही. जोडीने उडत दोघे पाण्यावर येतात. मादी तरंगत्या पानावर किंवा देठावर बसून पोटाच्या टोकावरील धारदार अवयवाने वनस्पतीच्या गाभ्यात अंडी घालते. या सर्व काळात नर मादीच्या मानेवर पाय न टेकता काडीसारखा उभा असतो. दुरून पाहणाऱ्याला पानावर एक पिवळी टाचणी टोचून ठेवल्याचा भास होतो. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील अभ्यासकांनी या प्रजातीच्या प्रजननाचा बारकाईने अभ्यास केला आहे. विदर्भातील तळी ही त्यासाठी चांगली प्रयोगशाळा ठरली.

इश्नुरा सेनेगलेन्सिस या दुसऱ्या एका टाचणीने याच समस्येवर मादीच्या बाजूने तोडगा काढलेला दिसतो. तिच्या काही माद्या रंगाने हुबेहूब नरासारख्या असतात. नरांच्या सततच्या ससेमिऱ्यातून त्यांची सुटका होते, असे मानले जाते. मात्र असे सोंग घेणाऱ्या माद्यांची संख्या फार वाढली तर नर फसेनासे होतात. म्हणून दोन्ही प्रकारच्या माद्या पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदतात. आफ्रिकेपासून जपानपर्यंत पसरलेली ही टाचणी बंगळुरूच्या तलावांवरही आढळते.

नदी नसलेल्या शहराचे पाणी

टाचणीचे हे सारे जीवन उथळ, झाडोऱ्याच्या काठावर अवलंबून आहे, आणि बंगळुरूमध्ये असे काठ माणसानेच निर्माण केले होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरातून मोठी नदी वाहत नाही. पश्चिमेकडील पाणी वृषभावती आणि अर्कावती यांच्या मार्गाने कावेरीला, तर पूर्वेकडील पाणी दक्षिण पिनाकिनीला मिळते. १५३७ मध्ये केंपेगौडा यांनी शहराची स्थापना केली तेव्हापासून, आणि आसपासच्या गावांत त्याही आधीपासून, पावसाचे पाणी अडवण्यासाठी बांध घालण्यात आले. कन्नडमध्ये अशा तलावाला केरे आणि त्यांना जोडणाऱ्या पाटाला राजकालुवे म्हणतात. वरचा तलाव भरला की जादा पाणी राजकालुव्यातून खालच्या तलावात जाई. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बंगळुरू घेतल्यानंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हाही येथील जीवन याच तलावांवर चालत होते.

अशा तलावाची रचना टाचणीला अनुकूल होती. एका बाजूला मातीचा बांध आणि खोल पाणी. दुसऱ्या बाजूला हळूहळू उथळ होत जाणारा, पावसाळ्यात बुडणारा आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा पसरट काठ. तेथे पाणकणीस, लव्हाळे आणि कमळे वाढत. खाली भातशेती असे. टाचणीसाठी ही भातशेती तलावाचाच विस्तार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टा येथून नळाने पाणी आले आणि १९७४ मध्ये सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून कावेरीचे पाणी शहरात पोहोचले. शहराची तहान तलावांवर अवलंबून राहिली नाही, तशी त्यांची किंमत जमिनीच्या भावात होऊ लागली. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मॅजेस्टिकचे मध्यवर्ती बसस्थानक आहे. संपंगी तलावाच्या जागी कंठीरवा क्रीडागार उभे आहे. कोरमंगल तलावाच्या जागेवर १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी क्रीडाग्राम बांधण्यात आले. उरलेल्या तलावांपैकी अनेकांकडे राजकालुव्यांतून पावसाऐवजी सांडपाणी येऊ लागले. बेळ्ळंदूर तलावावर फेसाचे डोंगर दिसले. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये तेथे लागलेल्या आगींची छायाचित्रे जगभर पोहोचली. पाण्याच्या साठ्याला आग लागते, ही बातमी भाषांतरित करताना अनेक वृत्तसंस्थांनी मूळ वाक्य पुन्हा एकदा तपासून घेतले असेल.

मैलापाण्याने पोषकद्रव्ये वाढतात, जलपर्णी पृष्ठभाग झाकते आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. अशा स्थितीत बहुतेक टाचण्यांची पिल्ले तग धरू शकत नाहीत. पिवळी टाचणी मात्र मध्यम प्रदूषण सोसून राहते.

काठाचा प्रश्न

येथपर्यंतची हकिकत प्रदूषणाची आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक आहे. कमी चर्चिला जाणारा धोका दुरुस्तीच्या कामात दडलेला असतो. तलाव स्वच्छ करण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे पाणी काढून टाकणे, यंत्राने गाळ उपसणे, काठ तीव्र उताराचा करून त्यावर दगडी पिचिंग करणे आणि भोवती फरसबंदीचा पादचारी मार्ग बांधणे. वाडग्यासारखा आकार झालेल्या या तलावात पाणी अधिक साठते, पाहणाऱ्यालाही तो नीटनेटका वाटतो. टाचणीच्या दृष्टीने पाहता त्यात अंडी घालण्यास देठ नाही, पिल्लाला दडण्यास जागा नाही आणि मोठे झाल्यावर चढून बाहेर येण्यास काडी नाही. पाणी स्वच्छ असूनही तलाव टाचणीला पारखा होतो. गवत उपटून टाकणे म्हणजे स्वच्छता, ही समजूत याच्या मुळाशी आहे, आणि ती बंगळुरूपुरती मर्यादित नाही. महाराष्ट्रातील अनेक शहरांतील तलावांच्या सुशोभीकरणाचे चित्र याहून वेगळे नाही.

याउलट उदाहरणेही याच शहरात आहेत. उत्तर बंगळुरूमधील जक्कूर तलावात येणारे पाणी प्रथम सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून जाते. हे केंद्र मुळात दररोज १ कोटी लिटर क्षमतेचे उभारण्यात आले. प्रक्रियेनंतरचे पाणी थेट तलावात न सोडता पाणकणीस आणि अन्य पाणवनस्पती असलेल्या पाणथळ पट्ट्यातून नेले जाते. वनस्पती उरलेली पोषकद्रव्ये शोषून घेतात. त्याच वनस्पती टाचण्यांना निवाराही देतात. सर्जापूर रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळी तलावाच्या पुनरुज्जीवनात स्थानिक नागरिकांचा सहभाग राहिला. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूला तीव्र पाणीटंचाईने ग्रासले, तेव्हा भूजल मुरवणारे तलाव हा केवळ पक्षिनिरीक्षकांचा विषय नसल्याचे अनेकांच्या ध्यानी आले.

शहराने टाचण्यांपुढे आणखी एक चकवा मांडून ठेवला आहे. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश विशिष्ट प्रतलात ध्रुवित झालेला असतो आणि चतुर-टाचण्या पाणी ओळखतात ते याच खुणेवरून. गुळगुळीत काळा पृष्ठभागही प्रकाशाला तसाच ध्रुवित करतो. हंगेरीतील संशोधकांनी दफनभूमीतील चकचकीत काळ्या दगडांवर चतुर घिरट्या घालत असल्याचे २००७ मध्ये नोंदवले. मोटारींच्या टपांना पाणी समजून त्यांवर अंडी घालणारे पाणकीटकही आढळले आहेत. वाहनांनी भरलेल्या बंगळुरूमध्ये अशा खोट्या तळ्यांची वाण नाही.

डासांचा शत्रू, पण किती?

टाचणी डासांचा नाश करते म्हणून तिचे रक्षण करावे, असे सांगितले जाते. तिची पिल्ले डासांच्या अळ्या खातात आणि प्रौढ टाचण्या लहान उडते कीटक टिपतात, हे सत्य आहे. म्यानमारमधील यांगून शहरात १९८० च्या दशकाच्या आरंभी घरगुती पाणीसाठ्यांत क्रोकोथेमिस सर्विलिआ या लाल चतुराची पिल्ले सोडण्यात आली आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची संख्या लक्षणीय घटली. या प्रयोगाचा वृत्तान्त १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु तेथे पिल्ले माणसांनी आणून सोडली होती. एडिस डास टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि उघड्या पिंपांत वाढतो, आणि टाचणी तेथे आपण होऊन फारशी जात नाही. तळ्याकाठी टाचण्या आहेत म्हणून घरातील पिंप झाकण्याची गरज उरत नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

डासनिर्मूलनासाठी सोडलेले मासे हा टाचण्यांच्या दृष्टीने चिंतेचा विषय आहे. गॅम्बुसिया हा मूळचा अमेरिकेतील मासा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात आणला गेला आणि पुढे ठिकठिकाणच्या पाण्यात सोडला गेला. तो डासांच्या अळ्या खातो तशी टाचण्यांची पिल्लेही खातो. हवाई बेटांवरील मेगालाग्रिऑन या स्थानिक टाचण्यांच्या ऱ्हासाला याच कुळातील परदेशी मासे मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरल्याचे आढळले आहे.

साक्ष ग्राह्य कधी?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पिवळी टाचणी दिसली म्हणजे पाणी शुद्ध, असा निष्कर्ष काढता येत नाही. ती उन्हाला, साचलेल्या पाण्याला आणि माणसाच्या वावराला सरावलेली प्रजाती आहे. तिच्या उपस्थितीतून एवढेच कळते की तेथे काही पाणवनस्पती शिल्लक आहेत आणि पाणी अगदीच मृत झालेले नाही. त्या दृष्टीने पाहिल्यास तिची अनुपस्थिती अधिक बोलकी आहे. इतकी सोशीक टाचणीही एखाद्या तलावावर पावसाळ्यानंतर दिसत नसेल, तर तेथे काहीतरी गंभीर बिघडले असले पाहिजे.

पश्चिम घाटातील ओढ्यांवरील टाचण्यांची गोष्ट निराळी आहे. न्यूरोबेसिस चायनेन्सिस या टाचणीच्या नराचे मागील पंख उन्हात धातूसारखे हिरवे झळकतात. वाहते, प्राणवायूने समृद्ध पाणी तिला हवे असते. प्रोटोस्टिक्टा या प्रजातीगटातील अतिशय सडपातळ टाचण्या दाट सावलीतील ओहोळ सोडून बाहेर येत नाहीत. झाडी तुटली आणि ओढ्यावर ऊन आले की त्या नाहीशा होतात. अशा प्रजातींची साक्ष वजनदार मानली जाते. दक्षिण आफ्रिकेत हा विचार आकड्यांत बसवण्यात आला आहे. तेथील प्रत्येक प्रजातीला तिचा आढळ किती मर्यादित आहे, तिला धोका किती आहे आणि बिघडलेला अधिवास ती किती सोसते, या तीन कसोट्यांवर प्रत्येकी ० ते ३ असे, एकूण ० ते ९ गुण दिले जातात. सर्वत्र आढळणाऱ्या सोशीक प्रजातीला शून्य, तर दुर्मीळ आणि नाजूक प्रजातीला नऊ. त्या मोजपट्टीवर आपल्या पिवळ्या टाचणीला किती गुण मिळतील, हे सांगायला नको.

असे गुण देण्यासाठी कोणती प्रजाती कोठे राहते हे आधी माहीत असावे लागते, आणि त्या कामात महाराष्ट्र व बंगळुरू यांचा संबंध वारंवार येतो. पिवळ्या टाचणीच्याच सेरिॲग्रिऑन प्रजातीगटातील एक नवी टाचणी सिंधुदुर्ग जिल्ह्यात सापडली. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ मध्ये सेरिॲग्रिऑन क्रोमोथोरॅक्स या नावाने तिचे वर्णन केले. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात मराठी भाषिक शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे यांच्या प्रयोगशाळेशी निगडित असलेल्या उपक्रमांतून भारतातील फुलपाखरे आणि चतुर-टाचण्यांच्या छायाचित्रित नोंदी संकलित केल्या जातात. २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातील ठोसेघरच्या नावावरून युफिआ ठोसेघरेन्सिस ही वेगाने वाहणाऱ्या ओढ्यांवरील टाचणी ज्ञात झाली. २०२३ मध्ये पुण्यातील एमआयटी विश्वशांती विद्यापीठाच्या संशोधकांनी केरळमधील एका नव्या टाचणीला प्रोटोस्टिक्टा आर्मागेडोनिआ असे नाव दिले. जगभरात कीटकांच्या होत असलेल्या ऱ्हासाकडे लक्ष वेधण्यासाठी प्रलयसूचक शब्द निवडण्यात आला होता. डिसेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने चतुर-टाचण्यांच्या ६,०१६ प्रजातींचे पहिले जागतिक मूल्यमापन जाहीर केले असून, त्यांपैकी १६ टक्के प्रजातींना नष्ट होण्याचा धोका असल्याचे त्यात म्हटले आहे. पिवळी टाचणी अर्थातच त्या १६ टक्क्यांत नाही.

तलावांची पाहणी करणाऱ्या नागरिकांसाठी या सर्वांतून एक व्यावहारिक मुद्दा निघतो. उडणारी टाचणी शेजारच्या डबक्यातूनही आलेली असू शकते. त्यामुळे प्रौढ टाचण्यांची मोजदाद तलावाविषयी निश्चित काही सिद्ध करत नाही. देठावर चिकटलेली रिकामी कात मात्र त्याच पाण्यात पिल्लू वाढून मोठे झाल्याचा पुरावा असते. टाचणीची कात जेमतेम बोटाच्या पेराएवढी आणि कागदासारखी हलकी असल्याने एका जोरदार सरीने ती वाहून जाते. म्हणून पाऊस थांबल्यानंतर दोन-तीन कोरडे दिवस गेले की सकाळी लवकर, पाण्याच्या रेषेपासून हातभर उंचीपर्यंतचे देठ तपासणे योग्य ठरते. बंगळुरूमध्ये नैर्ऋत्य मोसमी पावसापाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊसही पडतो. त्या दोहोंच्या मधली उघडीप या कामासाठी सोयीची असते. अर्थात, तपासण्यासाठी काठावर देठ शिल्लक असले पाहिजेत.